जनसंपर्क क्षेत्रात पदार्पण : विद्यार्थ्यांचे परिचयपत्र कसे असावे?

लोकशाहीत शासन आणि जनता यांच्यामधील संवाद अखंड राहावा लागतो. एखादी योजना कितीही विचारपूर्वक आखलेली असली, तरी ज्याच्यासाठी ती आखली त्याच्यापर्यंत तिची माहिती त्याला समजेल अशा भाषेत पोहोचली नाही, तर ती कागदावरच राहते. ही माहिती लोकांपर्यंत नेणे आणि लोकांचे म्हणणे संस्थेपर्यंत आणणे, या दुहेरी कार्यास जनसंपर्क असे म्हणतात. हे कार्य करणाऱ्या माणसांची गरज आज केवळ शासनालाच आहे असे नाही. महानगरपालिका, विद्यापीठे, वीज व परिवहन यांसारख्या सार्वजनिक सेवा, सहकारी साखर कारखाने, दूध संघ, रुग्णालये, बँका, स्वयंसेवी संस्था आणि मुंबई-पुण्याकडील जनसंपर्क सल्लागार संस्था, अशा कितीतरी ठिकाणी ती आहे.

या क्षेत्राकडे वळू इच्छिणारे विद्यार्थी आता जिल्ह्याच्या व तालुक्याच्या महाविद्यालयांतूनही मोठ्या संख्येने पुढे येत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी असते. त्यांच्याजवळ कामाचा अनुभव नसतो असे नाही; परंतु तो कागदावर मांडावा कसा, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. परिणामी, गावात शंभर माणसांची सभा सुरळीत पार पाडणारा मुलगा परिचयपत्रात मात्र ‘अनुभव : नाही’ असे लिहून मोकळा होतो. ही उणीव विद्यार्थ्यांची आहे, तशीच ती त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या आपणा सर्वांचीही आहे. म्हणूनच या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे अगत्याचे वाटते.

या व्यवसायाची मूळ बैठक

परिचयपत्राचे स्वरूप समजून घेण्यापूर्वी जनसंपर्काची बैठक ध्यानात घ्यावयास हवी. १९०६ मध्ये अमेरिकेत कोळसा खाणमालकांच्या वतीने काम करताना आयव्ही ली यांनी वृत्तपत्रांना एक निवेदन पाठविले. आपले काम उघडपणे चालेल आणि जनतेच्या हिताच्या विषयांवर वृत्तपत्रांना व लोकांना तत्परतेने अचूक माहिती दिली जाईल, असा त्याचा आशय होता. आधुनिक जनसंपर्काच्या इतिहासात या निवेदनाला मानाचे स्थान आहे. आपल्या देशात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही या व्यावसायिकांची संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्ली येथे भरलेल्या अखिल भारतीय परिषदेत व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारण्यात आली. त्या प्रीत्यर्थ २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. पुढे २००५ च्या माहितीच्या अधिकार अधिनियमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वतः होऊन माहिती प्रकट करण्याचे दायित्व टाकले, आणि माहिती नीट मांडणाऱ्या माणसाचे महत्त्व आणखी वाढले.

या इतिहासाचे सार एवढेच की, अचूकपणा आणि विश्वासार्हता हे या व्यवसायाचे भांडवल होय. अन्य क्षेत्रातील उमेदवाराच्या परिचयपत्रातील एखादी अशुद्ध ओळ कदाचित दुर्लक्षिली जाईल. जनसंपर्काच्या उमेदवाराची तशी गय होत नाही. कारण जो स्वतःविषयी एक पान नेटकेपणाने लिहू शकत नाही, तो संस्थेविषयीचे निवेदन कसे लिहील, असा प्रश्न निवड करणाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परिचयपत्र हा उमेदवाराच्या लेखनाचा पहिला नमुनाच असतो.

अर्ज, परिचयपत्र आणि विवाहाचा बायोडाटा

या तीन गोष्टींची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. शासकीय पदांची भरती लोकसेवा आयोगाच्या वा संबंधित विभागाच्या जाहिरातीनुसार होते. तेथे विहित नमुन्यातील अर्ज भरावा लागतो. जन्मतारीख, प्रवर्ग, अधिवास हा तपशील त्या अर्जात विचारलेल्या जागीच द्यावयाचा असतो. खाजगी संस्था, स्वयंसेवी संस्था, कंत्राटी नेमणुका आणि प्रशिक्षणार्थी पदे यांसाठी मात्र परिचयपत्र हेच उमेदवाराचे पहिले दर्शन असते.

‘बायोडाटा’ हा शब्द आपल्या घराघरांत विवाहाच्या निमित्ताने रूढ झाला आहे. त्याचा परिणाम असा की, अनेक विद्यार्थी तोच नमुना नोकरीसाठी वापरतात. पानाच्या माथ्यावर देवतेचे नाव, त्याखाली जन्मवेळ, उंची, वर्ण, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, आणि शिक्षण मात्र तळाशी! जनसंपर्क अधिकारी निवडणाऱ्या संस्थेला यांतील बहुतेक गोष्टींशी कर्तव्य नसते. उमेदवाराला काय येते, त्याने काय केले आहे आणि तो आपल्या कोणत्या उपयोगी पडेल, एवढेच तिला पाहावयाचे असते. जात, धर्म, वैवाहिक स्थिती, पालकांचे उत्पन्न यांना परिचयपत्रात स्थान नाही. छायाचित्रही मागितले असेल तरच लावावे.

एका पानाची रचना

विद्यार्थिदशेतील उमेदवाराचे परिचयपत्र एका पानाचे असावे. वृत्तनिवेदन लिहिताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रथम आणि कमी महत्त्वाची नंतर, हा जो दंडक पाळला जातो, तोच येथेही पाळावा. उपसंपादक जागेअभावी बातमी तळाकडून कापतो. निवड करणाराही पुष्कळदा पानाचा वरचा भाग वाचूनच पुढे वाचायचे की नाही हे ठरवितो.

पानाच्या माथ्यावर पूर्ण नाव, गाव व जिल्हा, भ्रमणध्वनी क्रमांक आणि ई-मेलचा पत्ता द्यावा. हा पत्ता साध्या नावाचा असावा. मित्रमंडळीत गंमत म्हणून घेतलेले टोपणनाव येथे शोभत नाही. त्याखाली दोन-तीन ओळींत आपला परिचय असावा. ‘प्रगतिशील संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या व स्वतःच्या उत्कर्षास हातभार लावणे’ यांसारखी वाक्ये हजारो परिचयपत्रांत आढळतात आणि त्यांतून काहीही कळत नाही. त्याऐवजी, ‘मराठी विषयातील पदवीच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, दोन वर्षे महाविद्यालयाच्या वार्षिकांकाच्या संपादक मंडळात, आरोग्यविषयक प्रसिद्धीच्या कामात विशेष रुची’ असे लिहिल्यास वाचणाऱ्यास व्यक्ती दिसू लागते.

त्यानंतर केलेले काम, मग शिक्षण, मग भाषा व तांत्रिक कौशल्ये आणि शेवटी निवडक पुरस्कार, असा क्रम सामान्यतः योग्य ठरतो. काम व शिक्षण या दोहोंत सर्वांत अलीकडील नोंद प्रथम द्यावी. पदवी झाल्यावर इयत्ता पहिलीपासूनची शाळांची यादी देण्याचे प्रयोजन नाही. ‘वाचन, संगीत ऐकणे, प्रवास’ या ठराविक छंदांनाही जागा देऊ नये. छंद सांगावयाचाच तर तो कामाशी नाते सांगणारा असावा. उदाहरणार्थ, पथनाट्य, छायाचित्रण किंवा सूत्रसंचालन.

अनुभव कोठे शोधावा?

हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. अनुभव म्हणजे पगारी नोकरी, ही समजूत प्रथम सोडावयास हवी. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करतो आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहतो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्क आणि कार्यप्रशिक्षण यांनाही श्रेयांक मिळू लागले आहेत. २०२४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून अनेक तरुणांना कार्यालयीन कामाचा प्रत्यक्ष परिचय झाला. याखेरीज गणेशोत्सव मंडळ, ग्रंथालय, ग्रामसभा, यात्रा समिती, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, निवडणुकीच्या काळातील मतदार जागृती, ही सारी जनसंपर्काची कार्यशाळाच आहे. प्रश्न आहे तो हे काम सांगण्याचा.

उदाहरणादाखल एक ओळ पाहू. बहुसंख्य विद्यार्थी लिहितात : ‘राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सक्रिय सहभाग.’ यातून वाचणाऱ्याला काय बोध व्हावा? तोच अनुभव असा लिहिता येईल : ‘दत्तक गावातील सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरात प्रसिद्धी गटाचे काम पाहिले. शोषखड्ड्यांविषयी मराठीतून माहितीपत्रक लिहिले आणि १४० घरी जाऊन ते समजावून सांगितले. शिबिराची दोन वृत्ते स्थानिक दैनिकांत प्रसिद्ध झाली.’ पहिल्या ओळीत केवळ उपस्थिती आहे. दुसऱ्या मजकुरात लेखन आहे, लोकांशी प्रत्यक्ष बोलणे आहे आणि वृत्तपत्रांशी संपर्कही आहे. जनसंपर्काला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी त्यात आल्या.

दुसरे उदाहरण. ‘मंडळाचा कार्यकर्ता’ असे लिहिण्याऐवजी ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या रक्तदान शिबिराची पूर्वप्रसिद्धी केली, निवेदन, भित्तिपत्रक व दवंडीचा मजकूर तयार केला, ६२ जणांनी रक्तदान केले’ असे लिहावे. काय केले, कोणासाठी केले, कसे केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक नोंदीत यावीत. ‘लिहिले’, ‘आखले’, ‘संपादित केले’, ‘भाषांतर केले’, ‘सूत्रसंचालन केले’ अशी स्पष्ट क्रियापदे वापरावीत. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘नेतृत्वगुणसंपन्न’ ही विशेषणे स्वतःला लावून घेण्याची आवश्यकता नाही. केलेले काम नीट सांगितले की ती वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतात.

मात्र येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. आकडा निश्चित ठाऊक असेल तरच द्यावा. नसेल तर तो रचू नये. मुलाखतीत ‘त्या १४० घरी लोकांनी तुम्हाला काय विचारले?’ असा प्रश्न हमखास येतो. जो खरोखर घरोघर फिरला आहे, त्याला त्याचे उत्तर सुचावे लागत नाही. जो फिरला नाही, तो पहिल्याच वाक्यात उघडा पडतो.

भाषा हे बळ

भाषांच्या रकान्यात ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या भाषेत लिहिता येते, कोणत्या भाषेत भाषण करता येते, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत अनुवाद करता येतो, हे वेगवेगळे सांगावे. इंग्रजी बेताची असेल तर तीही तशीच सांगावी. ‘अस्खलित’ असे लिहून मुलाखतीत अडखळण्यापेक्षा ते बरे.

या संदर्भात एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. मेळघाटातील विद्यार्थ्याला कोरकू येते, गडचिरोलीच्या विद्यार्थिनीला गोंडी किंवा माडिया येते, खानदेशातील मुलाला अहिराणी तर नंदुरबारच्या डोंगरभागातील मुलीला भिली येते. परंतु परिचयपत्र लिहिताना हे विद्यार्थी संकोचाने आपली मातृभाषा गाळतात. वास्तविक माता-बाल आरोग्य, पोषण, लसीकरण, वनहक्क अशा विषयांवर या भागांत काम करणाऱ्या संस्थांना त्या भाषेत बोलणारा आणि सुशिक्षित असा माणूस शोधूनही सापडत नाही. जी भाषा सांगण्यास विद्यार्थी कचरतो, तीच त्याची सर्वांत दुर्मीळ पात्रता असू शकते. शिक्षकांनी हा संकोच वेळीच दूर केला पाहिजे.

कात्रणे आणि तांत्रिक बाजू

जनसंपर्काच्या उमेदवाराने परिचयपत्रासोबत आपल्या कामाचे नमुने ठेवावेत. पूर्वी वहीत चिकटविलेली कात्रणे असत. आज तीच एका संगणकीय धारिकेत ठेवता येतात. प्रसिद्ध झालेले एखादे पत्र, वृत्तनिवेदन, भित्तिपत्रकाचा मजकूर, एक-दोन मिनिटांची ध्वनिचित्रफीत, समाजमाध्यमांवरील एखादी माहितीमालिका, असे चार-पाच निवडक नमुने पुरेसे होत. काम गटाने केले असल्यास त्यातील आपला वाटा कोणता, हे स्पष्ट लिहावे.

संगणकाच्या बाबतीत काही व्यावहारिक सूचना उपयुक्त ठरतील. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या पद्धतीच्या टंकात तयार केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडतो आणि परिचयपत्र न वाचताच बाजूला पडते. मजकूर पीडीएफ स्वरूपात पाठवावा. धारिकेला ‘नवीन’ किंवा ‘अंतिम दोन’ असे नाव न देता स्वतःचे नाव आणि पदाचे नाव द्यावे. मोठ्या संस्थांत आता परिचयपत्रांची पहिली चाळणी संगणक-प्रणालीच करते. रंगीत चौकटी, आकृत्या व चित्रे यांमध्ये अडकलेला मजकूर तिला नीट वाचता येतोच असे नाही. म्हणून मांडणी साधी ठेवावी. जाहिरातीत ज्या कौशल्याचा जो शब्द आला आहे, ते कौशल्य आपल्याजवळ खरोखर असेल तर तोच शब्द वापरावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून परिचयपत्र लिहून घेण्याची प्रथाही वाढत आहे. शुद्धलेखन तपासण्यासाठी त्यांची मदत घेण्यास हरकत नाही; परंतु सर्वांनी एकाच साच्यातील मजकूर पाठविला तर कोणाचेच वेगळेपण उरत नाही, आणि न केलेल्या कामाचे श्रेयही नकळत पदरात टाकले जाते. शेवटचे वाचन स्वतः मोठ्याने करावे व एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावे.

माहितीच्या सुरक्षिततेचाही विचार हवा. आधार क्रमांक, पॅन क्रमांक, बँक खात्याचा तपशील, घराचा संपूर्ण पत्ता या गोष्टी परिचयपत्रात लिहू नयेत. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला असला, तरी आपली माहिती जपण्याची पहिली जबाबदारी आपलीच असते. विशेषतः नोकरीच्या आमिषाने विद्यार्थिनींची माहिती गोळा करणाऱ्या बनावट जाहिरातींपासून सावध राहावे.

अर्जासोबतचे पत्र

परिचयपत्रासोबत तीन छोट्या परिच्छेदांचे पत्र जोडावे. कोणत्या पदासाठी व कोणत्या जाहिरातीवरून अर्ज करीत आहोत, हे पहिल्यात. त्या संस्थेच्या कामाशी जुळणारा आपला एखादा अनुभव दुसऱ्यात. आणि भेटीसाठी विनंती तिसऱ्यात. एकच पत्र सर्व संस्थांना पाठवू नये. दूध संघाला लिहिताना दूध उत्पादकांशी आपला आलेला संबंध सांगावा, रुग्णालयाला लिहिताना रक्तदान शिबिर सांगावे. ज्याच्याशी बोलावयाचे त्याला ओळखून बोलणे, हीच तर जनसंपर्काची पहिली पायरी आहे. संस्थेचे व अधिकाऱ्याचे नाव शुद्ध लिहिणे हा त्याचाच भाग होय.

शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांचे कर्तव्य

विद्यार्थ्याला खरे परिचयपत्र लिहिता यावे, यासाठी त्याच्या कामाची खरी नोंद कोठेतरी असावी लागते. ही नोंद आपल्या हाती असते. आपण देतो ती प्रमाणपत्रे पाहिली तर त्यांत बहुधा ‘सदर विद्यार्थी होतकरू व सुस्वभावी असून त्यास मी व्यक्तिशः ओळखतो, त्याच्या भावी आयुष्यास शुभेच्छा’ एवढेच असते. असे प्रमाणपत्र देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण घेणाऱ्याच्या ते फारसे उपयोगी पडत नाही.

त्याऐवजी ग्रामपंचायतीने असे लिहावे : ‘यांनी या तीन महिन्यांत ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टी वसुली मोहिमेसाठी सूचनाफलकाचा मजकूर, दवंडीचा मसुदा व भ्रमणध्वनीवरील संदेश तयार केले, तसेच दोन ग्रामसभांचे इतिवृत्त लिहिण्यास साहाय्य केले.’ कालावधी, काम, जावक क्रमांक आणि सही एवढ्याने त्या विद्यार्थ्याच्या परिचयपत्रातील एका ओळीला आधार मिळतो. शिक्षकांनी दर सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांकडून त्यांनी केलेल्या कामांची नोंदवही भरून घेतली, तर अंतिम वर्षी आठवणीवर विसंबून राहावे लागणार नाही. आपल्या नावाचा संदर्भ देण्यापूर्वी विद्यार्थ्याने परवानगी घ्यावी, असा आग्रहही धरावा. आणि परवानगी दिल्यावर दूरध्वनी आला तर दोन मिनिटे त्या विद्यार्थ्याविषयी नेमके बोलावे.

शाळा-महाविद्यालये, पंचायत समित्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि सार्वजनिक ग्रंथालये यांना प्रसिद्धीसाठी स्वतंत्र माणूस नेमणे परवडत नाही. एखाद्या विद्यार्थ्याकडे उन्हाळ्याच्या सुटीत सूचनाफलक, माहितीपत्रके आणि लाभार्थ्यांच्या शंका टिपण्याचे काम सोपविले, तर संस्थेचे काम सुधारते आणि विद्यार्थ्याला अनुभव मिळतो. उभयपक्षी लाभाची ही गोष्ट आहे.

सत्याची मर्यादा

शासकीय सेवेत नियुक्तीपूर्वी भरून द्यावयाच्या साक्षांकन नमुन्यात खोटी माहिती दिल्यास वा माहिती दडविल्यास उमेदवार अपात्र ठरू शकतो, अशी स्पष्ट सूचना असते. खाजगी संस्थाही आता शिक्षणाची व पूर्वीच्या कामाची पडताळणी करून घेतात. तथापि शिक्षेच्या भयाहून मोठे कारण वेगळे आहे. पूर आला असता कोणत्या पुलावरील वाहतूक बंद आहे, साथीच्या दिवसांत कोणते पाणी पिऊ नये, हे लोकांना सांगण्याची जबाबदारी उद्या याच तरुणांवर येणार आहे. त्या वेळी त्यांच्या शब्दावर विसंबून माणसे घराबाहेर पडतील किंवा घरातच थांबतील. शब्द तोलून वापरण्याची ही सवय एकाएकी लागत नाही. ती स्वतःविषयीच्या त्या एका पानापासून लागावी, आणि ते पान लिहिताना एखादा शिक्षक, एखादा ग्रामसेवक, एखादी सरपंच भगिनी त्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसलेली असावी, एवढीच अपेक्षा आहे.